एका पावातले

सीएच्या टेबलावर आमच्या वाचनालयाचं मेमोरँडम पसरलं होतं आणि त्यावर वडापावच्या कागदाचा तेलकट डाग पडला. तो पुसताना एकदम डोक्यात आलं: कागदावरची 'कंपनी' आणि पुडक्यातला 'पाव' ही एकाच आजीची नातवंडं!

आजी म्हणजे लॅटिन 'पानिस', भाकरी. ती पोर्तुगीजांच्या जिभेवर 'पांव' झाली आणि आपल्याकडे पाव. पीठ पायांनी तुडवत म्हणून पाव, लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, या गोष्टी झकास आहेत. पण गोव्याच्या पोदेरासमोर त्या टिकत नाहीत, कारण तोही पोर्तुगीज 'पादेइरो'च, त्याच पानिसच्या गोतातला.

दुसरं नातवंड फ्रान्समार्गे आलं. 'कुम' म्हणजे सह. त्यावरून 'कॉम्पानिओ', एका भाकरीतला. खरी गंमत पुढे आहे. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलात सोबत्याला 'गाह्लाइबा' म्हटलंय: 'गा' म्हणजे सह, 'ह्लाइफ्स' म्हणजे भाकरी. म्हणजे शब्द लॅटिन, पण साचा जर्मानिक. रोमन फौजेतल्या जर्मन शिपायांनीच तो छावणीत रुजवला असणार, असा माझा कौल. मराठीने पुढे ईस्ट इंडिया कंपनीची 'कुंपणी' केली. कुंपणाशी तिचं नातं नाही, पण शेत खाणारं कुंपण तेव्हा कुणाला आठवलंच नसेल, हे मला पटत नाही.

कायद्याने मात्र ही पंगत मोडली. लंडनचा चर्मकार सॉलोमन, त्याची बायको आणि पाच मुलं, अशा सात जणांची कंपनी. अक्षरशः एका घरची भाकरी! तरी 1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, की कंपनी ही या सातांहून वेगळी व्यक्ती, तिचं कर्ज तिचं. आपल्या 2013च्या कायद्यातलं कलम 9 हेच म्हणतं: नोंदणी झाली की कंपनी स्वतःच्या नावाने मालमत्ता घेते, दावा लावते, सभासद मेले तरी उरते.

आमची कंपनी कलम 8ची. नफा झाला तर तो वाचनालयातच जाणार. सभासदांना लाभांश नाही. नावापुढे 'लिमिटेड' लावायची सक्तीही नाही. गुंडाळली, तर उरलेलं सभासदांत वाटता येत नाही. तशाच उद्देशाच्या दुसऱ्या कलम 8च्या कंपनीला द्यायचं, नाहीतर विकून पैसे सरकारी दिवाळखोरी निधीत.

"म्हणजे एका पावातले, पण पाव खायचा नाही," मी म्हणालो.

"ग्रंथपालाला पगार देता येतो," सीए म्हणाला आणि डागाळलेलं पान पुन्हा छापायला टाकलं.