संखेड्याचा झोपाळा आणि आपले बडोद्याचे वाडे

हल्ली मोठ्या फर्निचरच्या दुकानात 'रेट्रो' नावाचा एक कोपरा असतोच. निळ्या काठाचे एनॅमलचे मग, वेताची खुर्ची, पितळी बंब (त्यात आता झाड लावतात!) आणि मधोमध झोपाळा. मरून रंग, वर सोनेरी वेलबुट्टी, पाटी 'विंटेज स्टाईल'. किंमत विचारली की आपण दोन पावलं मागे.

हा झोपाळा बडोद्याच्या मराठी घरांत सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी काही विंटेज नव्हता, घरातलं रोजचं सामान होतं. गायकवाडांबरोबर आणि नंतर संस्थानच्या नोकरीत आलेल्या आपल्या लोकांनी दांडिया बाजार, रावपुरा भागात वाडे बांधले. सागवानी खांब, कोरीव तुळया, चौक. नमुना पाहायचा असेल तर रावपुऱ्यातला भाऊ तांबेकरांचा वाडा अजून उभा आहे. १८४९ ते १८५४ ते बडोद्याचे दिवाण होते. बहुतेक लोक तिथे भिंतीवरची चित्रं पाहतात, पण लाकूडकामही पाहण्यासारखं आहे. वाडा मराठी, पण झोपाळा मात्र गुजरातच्या मातीतला. तुळईला कड्या बसवूनच घर पुरं व्हायचं. मोठी माणसं झोपाळा म्हणायची, आम्ही पोरं शेजाऱ्यांचं ऐकून हिंचका.

रंगीत झोपाळा यायचा तो संखेड्याहून. बडोद्यापासून साधारण ४५-५० किलोमीटर, ओरसंग नदीकाठी. वाटेत डभोई लागतं, जिथे १८६२ साली मियागामहून गायकवाडांची नॅरो गेज रेल्वे आली आणि सुरुवातीला डबे चक्क बैलांनी ओढले. पूर्वी संखेडा बडोदा जिल्ह्यात होतं, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात.

बँकेत असताना माझं तिथे जाणं व्हायचं. सरकारची चार टक्के व्याजाची डीआरआय योजना १९७२ साली सुरू झाली होती, छोट्या कारागिरांसाठी. कर्जाच्या तपासणीला जायचं म्हणजे लाकूड किती, तयार माल किती, हे पाहायचं. वाणिज्य शाखेच्या माणसाला माल मोजता येतो, पण मी तिथे तासन्‌तास काम बघत बसायचो.

हे काम खरादी-सुतार समाजाचं. गुजरातीत लेथला संघेडो म्हणतात, त्यावरूनच गावाचं नाव पडलं असं तिथली माणसं सांगतात. सागाचा तुकडा लेथवर फिरत असतो, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. वरची नक्षी 'सोनेरी' दिसते, पण सोन्याचा तिथे गुंजभरही संबंध नाही. कथिल कुटून, सरसात कालवून ते कुंचल्याने लावतात. वाळल्यावर अकीक दगडाने घासलं की चांदीसारखं चकाकतं. त्यावर लाखेचा पारदर्शक हात फिरला की चांदीचं सोनं! शेवटची झिलई केवड्याच्या पानाने. तारण म्हणून सोनं पारखण्यात माझी निम्मी नोकरी गेली, पण एवढं देखणं खोटं सोनं दुसरीकडे पाहिलं नाही.

गेल्या वर्षी पुण्याची भाची म्हणाली, "मामा, दुकानातला झोपाळा बुक करू का?" म्हटलं, थांब, आधी संखेड्याला जाऊ. तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. आता रासायनिक रंग आणि फवाऱ्याचं काम पुष्कळ आहे. मी तिला खुर्ची उलटी करून दाखवली. रंग न लागलेल्या खालच्या बाजूला लाकूड कोणतं ते कळतं. हाताने काढलेल्या नक्षीत एक पान दुसऱ्यासारखं तंतोतंत नसतं, छापील असेल तर सगळी पानं जुळी. दांड्या खोबणीत नीट बसल्यात का, हलवून पाहावं. आणि लाखेच्या कामावर गरम भांडं ठेवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. एवढं जमत नसेल तर सरळ साधा सागवानी घ्यावा.

ज्या कारागिराकडे गेलो त्याच्या वडिलांचं कर्जखातं मी पाहिलं होतं. त्याने ओळखलं, चहा मागवला. संखेड्याच्या मालाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा कागद भिंतीवर होता. मुलाचं विचारलं तर म्हणाला, तो हालोलला कारखान्यात जातो, महिन्याचा पगार ठरलेला आहे साहेब. मी गप्प बसलो. पगाराच्या नोकरीवरच माझंही आयुष्य गेलंय, त्याला कोणत्या तोंडाने सांगणार की लेथवर बस म्हणून?

इकडे आपले वाडे एकेक करून पडताहेत. वारस सहा, एक पुण्यात, एक अमेरिकेत, मग बिल्डरशिवाय मार्ग नाही. मी कोणाला दोष देत नाही. खांब, दारं, कड्या जुन्या सामानाचा व्यापारी वजनावर नेतो, आणि पुढे तीच पॉलिश होऊन मुंबईच्या ओशिवऱ्याला हॉटेलांसाठी विकली जातात. ज्यांचा वाडा अजून उभा आहे त्यांनी निदान तुळईच्या कड्या आणि झोपाळ्याच्या पितळी साखळ्या भंगारात देऊ नयेत. जुन्या झोपाळ्यावर नव्याने लाख चढवून देणारे हात संखेड्यात अजून आहेत.

भाचीने शेवटी स्टँडचा झोपाळा घेतला, कारण फ्लॅटच्या स्लॅबला कडी लावायला सोसायटी परवानगी देत नाही. तो सुटा करून, पोत्यात बांधून टेम्पोने पुण्याला गेला. जुळवायला त्या कारागिराचा मुलगाच गेला होता, कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढून.