कोंडाईबारीचा घाट आणि कोंडलेले पाणी

सुरत म्हटले की आपल्याला शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. खानदेशातल्या माणसाला मात्र सुरत म्हणजे यंत्रमागावरची नोकरी आणि गावाकडे नेणारी बस. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर मागे टाकून ही बस कोंडाईबारीचा घाट चढते आणि साक्रीवरून धुळ्याला पोचते. वैशाखातले ऊन, भरलेली गाडी आणि खालचा गिअर, इंजिन तापणारच. आपल्या चोर्ल्यात, अनमोडातही बॉनेट उघडून उभे असलेले ट्रक आपण पाहिले आहेत. आज ते कमी दिसतात, त्याचे बरेचसे श्रेय एका लहानशा झाकणाला आहे.

पहिल्या मोटारींत पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई. १८८८ साली बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेल्या, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावे लागले. १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी ८,००० हून अधिक बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. तेच थोडे पाणी फिरवून निववता येऊ लागले. पण १०० अंशांना पाणी उकळणारच. उंचावर तर त्याही आधी.

यावरचा उपाय स्वयंपाकघरातला आहे. १६७९ साली, इंग्रजांची मुख्य वखार अजून सुरतेत होती तेव्हा, डेनिस पापिन याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचे एक भांडे मांडले. आपल्या प्रेशर कुकरचा तो पूर्वज. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी उशिरा उकळते. विसाव्या शतकात हेच तत्त्व रेडिएटरच्या झाकणात आले. त्यातली स्प्रिंग साधारण एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते, म्हणून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब आणखी वाढला तर झडप उघडून पाणी बाजूच्या बाटलीत जाते. इंजिन निवले की दुसऱ्या झडपेतून परत येते.

धोकाही इथेच आहे. गाडी तापली की पाण्याचा डबा घेऊन धावायचे आणि झाकण फिरवायचे, ही सवय उघड्या पाण्याच्या काळातली. आज झाकण सैल होताच दाब सुटतो, ११० अंशांचे पाणी क्षणात उकळून तोंडावर उसळते. कित्येकांचे हात-चेहरे असे भाजले आहेत.

वाफ जिरल्याशिवाय कुकर उघडू नये, हे घरात पोरासोरांनाही ठाऊक असते. घाटातही तेवढेच लक्षात ठेवावे. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि ते पुरते निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये.