बागलाणची द्राक्षे व फ्रान्सच्या दक्षिणेचे मळे

फळाला दोन नावे असतात; एक त्याच्या जातीचे व दुसरे त्याच्या गावाचे. आंबा हापूस असला तरी घेणारा विचारतो, देवगडचा की रत्नागिरीचा? संत्रे म्हटले की नागपूर आणि केळे म्हटले की जळगाव, हा संबंध आता इतका दृढ झाला आहे की एकाचा उच्चार होताच दुसरे आपोआप ओठांवर येते. ही रीत अर्वाचीन नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्राक्षाच्या मद्यास मधु म्हटले असून, त्याची कापिशायन व हारहूरक अशी नावे ते ज्या देशात होते त्या देशांवरून पडली, असे स्वच्छ सांगितले आहे. पाणिनीच्या सूत्रातही कापिशीचा निर्देश याच संदर्भात येतो. म्हणजे द्राक्षास गावाचे नाव देण्याची चाल या देशात दोन हजार वर्षांहून जुनी आहे. असे असता ज्या प्रदेशाच्या द्राक्षांची अकबराच्या दरबारी नोंद झाली, त्या बागलाणचे नाव द्राक्षाशी कायमचे का जडले नाही, आणि फ्रान्सच्या दक्षिणेतील लहान लहान खेड्यांची नावे मात्र जगाच्या बाजारात का चालतात, या प्रश्नाचा येथे थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, कान नदीच्या काठी, साक्री हे तालुक्याचे गाव आहे. पूर्वी हा तालुका पिंपळनेरच्या नावाने ओळखला जाई. पिंपळनेर पांझरेच्या काठी असून तेथून दक्षिणेस शेलबारीची खिंड ओलांडली की बागलाण लागते. मोसम नदीचे खोरे, मुल्हेर व साल्हेर हे बलाढ्य किल्ले, आणि डोंगरांच्या कुशीतली पाणथळ जमीन, असा तो मुलूख आहे. साक्री-पिंपळनेरचा पट्टा हे त्याचे उत्तरेकडील दार होय. सुरतेहून नवापूर, पिंपळनेर या मार्गाने दौलताबादेस जाणारी वाट याच दारातून जात असे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने आपल्या प्रवासाच्या टप्प्यांत पिंपळनेरचे नाव नोंदविले आहे. त्याच्या तीनशे वर्षे आधी इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेहून नंदुरबारेस आला. दौलताबादेस द्राक्षे व डाळिंबे होतात व ती वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने लिहून ठेविले आहे. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

अबुल फजल याने ऐन-इ-अकबरीत बागलाणचे वर्णन थोडक्यात पण मार्मिक केले आहे. तो म्हणतो की हा मुलूख डोंगराळ असून दाट वस्तीचा आहे. येथील राजा राठोड कुळातला आहे. येथे पीच, सफरचंद, द्राक्ष, अननस, डाळिंब व महाळुंग ही फळे उत्तम होतात. आणि मुल्हेर व साल्हेर धरून सात नामांकित किल्ले येथे आहेत. फळे व किल्ले ही दोन्ही एकाच दमात सांगितली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाग लावणाऱ्यास स्वस्थता लागते, आणि बागलाणची स्वस्थता त्या किल्ल्यांवर अवलंबून होती. १६३८ साली औरंगजेबाच्या फौजांनी मुल्हेर घेतले व राठोडांचे राज्य संपले. पुढे १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा मोठा पराभव केला. मराठ्यांच्या इतिहासात तो दिवस अभिमानाचा खरा. परंतु ज्या मुलखावरून फौजा जातात-येतात तेथे तीन-तीन वर्षे वाट पाहून फळास येणारी वेल कोण लावणार? ज्वारी-बाजरीचे पीक एका हंगामात हाती येते, द्राक्षाचा मळा एका पिढीच्या भरवशावर उभा राहतो. पुढे इंग्रजी अमदानीत द्राक्षांची ख्याती दिसते ती नाशिक, चांदवड व दौलताबाद येथील. तेथे वेली पांगाऱ्याच्या जिवंत खुंटांवर चढवीत; फकडी, साहेबी, हबशी, भोकरी अशी वाणांची नावे होती. बागलाणचे नाव मात्र मागे पडले.

आता फ्रान्सच्या दक्षिणेकडे वळू. भूमध्यसमुद्राच्या काठी, र्‍होन नदीच्या मुखाजवळ, इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक वसाहतवाल्यांनी मार्सेय शहर वसविले व द्राक्षाची लागवड त्यांच्याबरोबर आली. इसवी सनापूर्वी ११८ मध्ये रोमन लोकांनी नार्बोन येथे वसाहत केली आणि वेली आतल्या प्रदेशात पसरल्या. आज लांगदोक, रूसियाँ, प्रोव्हान्स व र्‍होनचे खोरे या नावांनी ओळखले जाणारे प्रदेश हे त्या जुन्या लागवडीचे वारस होत. मौज अशी की, ज्या वाणांनी या प्रदेशांना कीर्ती मिळवून दिली त्यांतील कित्येक बाहेरून आलेले आहेत. ग्रेनाश, कारिन्यां व मूर्व्हेद्र हे तिन्ही स्पेनमधून आले. सिरा हा वाण इराणच्या शिराझहून आला अशी एक रम्य कथा होती; परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या आनुवंशिक तपासणीने तो फ्रान्सच्या आग्नेय भागातील दोन साध्या वाणांचे अपत्य असल्याचे सिद्ध झाले. क्लेरेत व पिकपूल हे वाण तेवढे खास तिकडचे. सारांश, वाण उसना आणता येतो. गावाचे नाव उसने आणता येत नाही, ते कमवावे लागते. शातोनफ-द्यु-पाप या गावाच्या मद्यात तेरा वाण चालतात अशी परंपरा आहे, पण बाटलीवर मोठ्या अक्षरांत असते ते गावाचे नाव.

हे नाव सुखासुखी टिकले असे मात्र कोणी समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भुरी आली. तिच्यावर गंधकाचा उपाय सापडतो न सापडतो तोच त्याहून भयंकर संकट उद्भवले. १८६३ च्या सुमारास गार जिल्ह्यातील पुजो गावाच्या मळ्यांत वेली कारण कळल्यावाचून वाळू लागल्या. १८६८ साली माँपेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्यांचे सहकारी यांनी मुळ्या उकरून पाहिल्या, तेव्हा त्यांवर सूक्ष्म पिवळे कीटक आढळले. हाच तो फायलोक्सेरा. तो अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आला होता. १८७५ साली साऱ्या फ्रान्सचे मद्य सुमारे ८ कोटी ४० लक्ष हेक्टोलिटर झाले होते. १८८९ साली ते सुमारे २ कोटी ३० लक्षांवर उतरले. गावेच्या गावे उजाड झाली व कित्येक कुटुंबे समुद्रापलीकडे अल्जीरियास गेली.

या रोगावरचा उपाय रोगाच्याच घरी सापडला. अमेरिकेच्या रानवेलींची मुळे हा कीटक सहन करतात. म्हणून त्या मुळांवर फ्रान्सच्या जुन्या वाणांचे कलम बांधावयाचे. परक्या मुळावर आपली वेल चढविणे अभिमानी बागाइतदारांस सहजासहजी रुचले नाही. वर्षानुवर्षे वाद झाले. अखेर टेक्सासच्या मन्सन या द्राक्षतज्ज्ञाच्या साह्याने योग्य मुळे मिळाली आणि १८८८ साली फ्रान्सने त्याचा सन्मान केला. मध्यंतरी १८७८ मध्ये डावणी रोग शिरला. त्यावर १८८५ साली बोर्डो येथील मियार्दे यांनी मोरचूद व चुना यांचे मिश्रण सुचविले.

वाचकांस वाटेल की या दूरदेशीच्या गोष्टींचा साक्रीशी काय संबंध? तो अगदी निकटचा आहे. आज महाराष्ट्रातला अक्षरशत्रू माळीसुद्धा ‘बोर्डो’ हा शब्द रोज उच्चारतो व मोरचूद-चुन्याचे तेच मिश्रण आपल्या वेलींवर फवारतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस अवर्षण व खारे पाणी यांनी मळे खंगू लागले, तेव्हा आमच्या बागाइतदारांनीही टेक्सासच्याच रानवेलीपासून निवडलेले डॉगरिज नावाचे मूळ जमिनीत लावून त्यावर आपल्या वाणाचे कलम चढविले. कारण निराळे, पण युक्ती तीच.

तथापि रोग हटला म्हणजे शेतकरी तरला असे होत नाही, हा फ्रान्सच्या दक्षिणेचा दुसरा धडा आहे. नव्या लागवडीत आरामाँसारखे पुष्कळ रस देणारे पण हलके वाण भरमसाट लावले गेले. त्यात साखर-पाण्याने बनविलेल्या मालाची भर पडली आणि भाव कोसळले. १९०७ साली मार्सलँ आल्बेर नावाच्या एका खेड्यातील बागाइतदाराने हाक दिली आणि ९ जून रोजी माँपेलिये शहरात पाच लाखांच्या आसपास माणसे जमली. नार्बोन येथे सैन्याने गोळीबार केला, त्यात माणसे मेली; स्थानिक तरुणांच्या एका पलटणीने तर बंड केले. २९ जून रोजी सरकारला भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला. याच्या आधीच, १९०१ साली, मारोसाँ या खेड्यातील लहान बागाइतदारांनी एकत्र येऊन आपला माल सामायिक विकण्याची सहकारी संस्था काढली होती. पुढे गावोगाव तशा संस्था झाल्या. १९३५ साली गावाच्या नावाचे कायद्याने रक्षण करण्याची व्यवस्था झाली व पुढल्याच वर्षी शातोनफ-द्यु-पापचे नाव तीत नोंदले गेले. विद्या, संघ व कायदा, या तिन्हींच्या बळावर ती गावे उभी राहिली.

आता पुन्हा आपल्या डोंगरांकडे येऊ आणि इब्न बतूताच्या त्या वाक्याचा उलगडा करू. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेलीची पाने गळतात व ती चार महिने निजते. दख्खनच्या उष्ण हवेत वेलीला झोप नाही. छाटली की ती फुटते. म्हणून एका वर्षात दोन बहार शक्य होतात. आमच्या बागाइतदारांनी अनुभवाने यातून उत्तम रीत काढली. एप्रिलात खरड छाटणी करून काडी पक्व करावयाची, तिच्यात फळाचा डोळा घडवून घ्यावयाचा. आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी करून फळ घ्यावयाचे. जी झोप निसर्ग फ्रान्सला फुकट देतो, तिची उणीव येथे माळ्याची कात्री भरून काढते.

या शतकभरात वाणही बदलले. १९२५ साली ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली व नाशिक भागास वळण लावले. पुण्यास डॉ. चिमा यांनी जुन्या वाणांतून निवड करून चिमा साहेबी हा वाण दिला. पुढे बिनबियांचा थॉम्पसन आला आणि सांगली जिल्ह्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्यातून तास-ए-गणेश निवडला. मद्यासाठी फ्रान्सचे वाणही आले. १९८० नंतर नारायणगावी व १९९७ नंतर नाशिकास त्यांची लागवड वाढली, आणि २००१ साली महाराष्ट्र सरकारने या धंद्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. मद्याच्या इष्टानिष्टतेविषयी आमच्या वाचकांत मतभेद असणारच; पण खाण्याच्या द्राक्षाविषयी मतभेद संभवत नाही, आणि बागलाणचा संबंध मुख्यतः त्याच्याशी आहे.

कारण बागलाणात द्राक्ष परत आले आहे. सटाणा भागातील बागाइतदार इतरांच्या आधी, भर पावसाळ्यात, छाटणी करतात व नाशिक-सांगलीच्या आधी दोन-तीन महिने माल बाजारात आणतात. शेलबारीच्या अलीकडे पिंपळनेरच्या बाजूसही असे मळे दिसतात. आगाप मालास भाव चांगला. पण जोखीमही तितकीच. परतीचा पाऊस फुलोऱ्यावर आला तर डावणी पडते, पक्व घडावर आला तर मणी तडकतात, आणि एका रात्रीत वर्षाचे कर्ज अंगावर राहते. या मळ्यांचे भवितव्य म्हणजे काही शेकडो कुटुंबांच्या मुलांचे शिक्षण, मुलींची लग्ने व घरादाराची अब्रू होय, ही गोष्ट बाजारात घड निवडताना आपणा शहरवासीयांच्या ध्यानीमनी नसते.

संघाची विद्या आम्हांस परदेशातून शिकावयास नको. पांझरा व मोसम यांच्या काठी शतकानुशतके फडाची रीत चालत आली आहे. नदीवर बंधारा बांधावयाचा, त्याखालील जमिनीचे फड पाडावयाचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे व राखणीचे जागल्याकडे. आणि पाणी कमी पडले तर तोटा सर्वांनी मिळून सोसावयाचा. मारोसाँच्या शेतकऱ्यांनी १९०१ साली विक्रीत जे केले, तेच आमच्या पूर्वजांनी पाण्याच्या बाबतीत त्याच्या कितीतरी आधी केले होते. वरच्या अंगास मोठी धरणे झाल्यावर पुष्कळ फड मोडले. परंतु त्यामागील बुद्धी अद्याप मेलेली नाही.

अबुल फजलाने एका ओळीत ज्याची स्तुती केली ते द्राक्ष, राज्य बुडाले तेव्हा विस्मृतीत गेले; कारण त्याचे नाव सांभाळणारा दरबार होता, संघ नव्हता. आज दरबार नाही, पण मळा पुन्हा उभा आहे. वाण इराणचा असो, मूळ टेक्सासचे असो, औषध बोर्डोचे असो. पाणी पांझरा-मोसमचे आणि श्रम येथल्या माणसांचे आहेत. बागाइतदारांनी एकत्र येऊन या फळास आपल्या मुलखाचे नाव द्यावे, त्याचा दर्जा राखावा व आपत्तीचा भार वाटून घ्यावा. आणि आम्ही घेणाऱ्यांनी द्राक्ष घेताना, आंब्याप्रमाणेच, हे कोणत्या गावचे असे विचारण्यास शिकावे. तो प्रश्न बाजारात ऐकू येऊ लागेल, त्या दिवशी बागलाणचे हरपलेले नाव परत मिळाले असे समजावयास हरकत नाही.