आपला फुटबॉल, जुन्या राज्यातला

पालममध्ये मी फुटबॉलवेडा आहे म्हटलं की लोक विचारतात, 'मेस्सी का रोनाल्डो?' मी आपल्या नांदेडच्या विद्यापीठाचा संघ सांगतो. मग हसतात. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या तारखा लागल्या की माझा मोसम सुरू!

हसणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. 1956 पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे 1950 ते 1954, सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलिसांनी मुंबईत जाऊन रोव्हर्स कप जिंकला, तेव्हा तो संघ आपल्याच राज्याचा होता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, म्हणजे 'मैदान' सिनेमात अजय देवगणने केलेले रहीमसाब. पेशाने शिक्षक, आणि स्वतः खेळले उस्मानिया विद्यापीठाकडून. कॉलेजचा फुटबॉल माणसाला कुठवर नेतो बघा.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्याने, 1 डिसेंबरला, रहीम यांच्या भारतीय संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. भारत शेवटी चौथा आला. राज्य बदललं आणि रहीमसाब आपल्यासाठी परक्या राज्याचे झाले. माझ्या मते तेव्हाच काहीतरी तुटलं.

यंदा माझी मागणी मोठी नाही. विद्यापीठाच्या संघाने विभागीय स्पर्धेत गेल्या वेळेपेक्षा एक फेरी जास्त काढावी. अडचण एकच, आमचा गोलकीपर पोलीस भरतीच्या तयारीला लागलाय. मित्र म्हणतात, गेला तो खेळातून. मी म्हणतो, रोव्हर्स जिंकणारे कोण होते? पोलीसच की!