कांगड्याचं मीठ

उरणकडच्या मिठागरवाल्या आगरी घरात माझा जन्म झाला आणि आता माझा सगळा दिवस थायरॉइडच्या रुग्णांत जातो. दवाखान्यात एक प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो, "डॉक्टर, आम्ही समुद्राकाठची माणसं. आम्हाला कसली आलीय आयोडीनची कमतरता?" समुद्राच्या पाण्यात आयोडीन अगदी अल्प असतं, आणि वाफ्यात पाणी आटून मीठ धरतं तेव्हा त्यातलं बहुतेक मागे उरलेल्या पाण्यातच राहतं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर उपसलेल्या पांढऱ्याशुभ्र राशींत ते नावापुरतंच होतं. मिठात आयोडीन माणसाने घातलं. ते घालावं हे आपल्या देशात ज्या अभ्यासाने सिद्ध केलं, त्याची गोष्ट सांगायलाच हवी, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

युरोपात या विषयाचं ज्ञान जुनं आहे. कुर्त्वाने १८११ मध्ये समुद्री शेवाळाच्या राखेतून आयोडीन वेगळं केलं. जिनिव्हाच्या क्वांदे या वैद्याने १८२० मध्ये ते गलगंडावर देऊन पाहिलं. बाउमानला १८९५ मध्ये थायरॉइड ग्रंथीतच आयोडीन सापडलं. पुढे अमेरिकेतल्या ॲक्रन गावी मरीन आणि किंबॉल यांनी शाळेतल्या मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखवलं आणि १९२२ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ सुरू झालं.

मग आपल्याकडे इतका उशीर का झाला? एक कारण होतं रॉबर्ट मॅककॅरिसन यांचा अधिकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते गिलगिटला डॉक्टर होते. तिथे एकाच ओढ्यावर वसलेल्या गावांत त्यांनी पाहिलं, की वरच्या गावापेक्षा खालच्या गावात गलगंड जास्त. वरच्यांनी घाण केलेलं पाणी खालचे पितात, म्हणून हा दूषित पाण्याचा आजार असणार, असा त्यांचा तर्क. त्या पाण्यातला गाळ त्यांनी स्वतः प्यायला, स्वयंसेवकांना पाजला, आणि गळ्यावर सूज आल्याची नोंद केली. इतक्या धाडसाने केलेल्या कामाला सहज कोण नाकारणार? हिमालयातला गलगंड म्हणजे अस्वच्छतेचा रोग, ही समजूत पुढे कित्येक वर्षं टिकली.

मॅककॅरिसन यांनी पुढे कुन्नूरला पोषणाच्या संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. त्याच प्रयोगशाळेत १९४७ च्या सुमारास आंध्रातला एक तरुण विकृतिशास्त्रज्ञ रुजू झाला, वुलिमिरी रामलिंगस्वामी. थोरल्यांच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा त्यांच्याच संस्थेत घडलेल्या माणसाने घेतली, याचं मला फार मोल वाटतं.

या परीक्षेसाठी रामलिंगस्वामींनी निवडलं कांगडा खोरं. धौलाधारच्या पायथ्याशी, बियासच्या काठाने पसरलेला हा भाग आज हिमाचलात आहे. तेव्हा तो पंजाबात होता. पावसाने आणि हिमनद्यांनी डोंगरउताराच्या मातीतलं आयोडीन हजारो वर्षं धुऊन नेलं, म्हणून तिथल्या धान्यात, भाजीत, दुधात ते येईना. आयोडीन मिळालं नाही की थायरॉइडला पुरेसं संप्रेरक बनवता येत नाही. मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी तिला जोराने हुकूम देत राहते आणि थायरॉइड राबून राबून वाढते. आईच्या पोटात बाळाला संप्रेरक कमी पडलं तर मूल बहिरं, मुकं, खुजं, मतिमंद जन्मू शकतं. गळ्याची गाठ दिसते तरी. पोटातल्या बाळाचं नुकसान जन्माआधीच होऊन जातं आणि ते भरून येत नाही.

१९५६ मध्ये खोऱ्यात पाहणी झाली. सुमारे एक लाख वस्तीचा भाग, त्याचे तीन विभाग केले. निदानाचं साधन म्हणजे डॉक्टरांची बोटं. पुढे १९६० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जो निकष छापला तो आम्हालाही शिकवला गेला. ग्रंथीचा एकेक भाग त्या व्यक्तीच्याच अंगठ्याच्या शेवटच्या पेराहून मोठा लागला, तर तो गलगंड. मापपट्टी, यंत्र काही नको. आजही शिकाऊ डॉक्टरांना मी आधी गळा चाचपायला लावते, सोनोग्राफी नंतर.

तिन्ही विभागांत गलगंडाचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, सुमारे ३८ टक्के. मग 'अ' विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेलं मीठ, 'क' विभागाला पोटॅशियम आयोडेट मिसळलेलं, आणि 'ब' विभागाला साधं मीठ देणं सुरू झालं. मीठ येत होतं राजस्थानातल्या सांभर सरोवरातून. आयोडीन घातलेल्या मिठाचे दोन प्रकार घेण्यामागे व्यवहाराचा विचार होता. दमट हवेत आयोडाइड टिकत नाही, आयोडेट टिकतं. मिठागरावर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. पावसाळ्यात मिठाला कसं पाणी सुटतं ते आम्ही लहानपणापासून पाहिलेलं असतं.

प्रयोगशाळेतला पुरावाही लागणार होता. रामलिंगस्वामी, सुब्रमणियन आणि माधव देव यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून पाहिलं, की गलगंडाच्या ग्रंथी आयोडीन किती ओढून घेतात. त्या भुकेल्या ग्रंथी मिळेल ते झपाट्याने ओढत होत्या, आणि लघवीत आयोडीन अगदी कमी सापडत होतं. हा निबंध १९६१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रोगाचं मूळ आता बोट ठेवून दाखवता येत होतं.

१९६२ ची फेरतपासणी झाली तेव्हा 'अ' आणि 'क' विभागांत गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आला होता. 'ब' विभागात काही फरक नव्हता. त्या सहा वर्षांत खोऱ्यातलं आयुष्य थोडंफार बदललं असेल, तर ते तिन्ही विभागांत बदललं असणार. रोग मात्र फक्त आयोडीन मिळालेल्या गावांत ओसरला. त्याच वर्षी 'ब' विभागालाही आयोडीनचं मीठ सुरू झालं आणि राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला. १९६८ मध्ये 'अ' आणि 'क' विभागांत प्रमाण १० टक्क्यांच्या खाली गेलं होतं, आणि 'ब' विभागही निम्म्याहून खाली उतरला होता. १९७३ मध्ये हा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. सूच, देव, करमरकर, कोचुपिल्लै, रामचंद्रन, रामलिंगस्वामी ही त्यावरची नावं. त्यांतली देव आणि करमरकर ही नावं आपल्याकडच्या किती शाळकरी मुलांना माहीत आहेत?

पण या लेखकांच्या यादीत न आलेल्या लोकांविषयी मला बोलायचं आहे. 'ब' विभागातल्या माणसांनी सहा वर्षं साधं मीठ खाल्लं. आयोडीनने गलगंड टळतो हे युरोप-अमेरिकेत तोवर दाखवून झालं होतं. आज कोणतीही नैतिक समिती अशा प्रयोगाला सहजी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. त्या काळी दूषित पाण्याचा सिद्धान्त अजून जिवंत होता, देशभर मिठाची व्यवस्था बदलायला सरकारला भक्कम पुरावा हवा होता, हे मी समजू शकते. तरीही त्या सहा वर्षांत 'ब' विभागात जी बाळं जन्मली त्यांचा विचार मनातून जात नाही. तुलनेचा विभाग म्हणून आकडेवारीत त्यांना एक स्तंभ मिळाला. आपण मात्र त्यांचे ऋणी आहोत. शास्त्राने त्यांच्याकडून घेतलेल्या वर्षांवर आपल्या मुलांचं आरोग्य उभं आहे.

पुरावा मिळूनही मीठ घरोघरी पोचायला दोन दशकं लागली. सुरुवातीचा कार्यक्रम हिमालयाच्या पट्ट्यापुरता होता. मग पाहण्या पसरल्या आणि पठारावर, महाराष्ट्रातल्याही काही जिल्ह्यांत, गलगंड सापडला. उत्तर प्रदेशच्या तराईत कोचुपिल्लै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं आणि संप्रेरक कमी असलेली कितीतरी बाळं आढळली. गळ्याकडे पाहून जे कळलं नसतं ते रक्ताच्या थेंबांनी सांगितलं. १९८४ मध्ये सगळंच खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. मग खाण्यासाठी साधं मीठ विकण्यावर बंदी आली, ती २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये परत आली. आज दुकानातल्या मिठात दशलक्षामागे किमान १५ भाग आयोडीन असावं लागतं.

प्रौढ माणसाला रोज फक्त १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. सत्तर वर्षांची बेरीज केली तर चार ग्रॅमही होत नाही. इतक्या थोड्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बहिऱ्या-मुक्या झाल्या, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

आज माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या थायरॉइडच्या तक्रारीचं मूळ आयोडीनच्या कमतरतेत नसतं. शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते, हे त्यांत नेहमीचं कारण. हा बदल मिठाने घडवला, आणि नेमकं म्हणूनच लोक मिठाला विसरले. 'नैसर्गिक' म्हणून सैंधव आणणाऱ्या, साधं जाडं मीठ शोधणाऱ्या गरोदर मुली मला भेटतात. त्यांना मी घाबरवत नाही, कांगड्याची गोष्ट सांगते. मंडीच्या खाणींतलं डोंगरी मीठ त्या भागात जुन्या काळापासून मिळत होतं, तेही पूर्ण नैसर्गिकच होतं, आणि तरी गळे सुजलेले होते. गरोदरपणात आयोडीनयुक्त मीठ सोडू नका, मीठ कमी खायला सांगितलं असेल तर कमी खा, पण जे खाल ते आयोडीनचं असू द्या. हे शब्द मी जवळजवळ रोज उच्चारते.

इन्सुलिनच्या शोधाची कथा वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. कांगड्याचा प्रयोग रोगप्रतिबंधाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतो. माझी मागणी साधी आहे. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत संप्रेरकांचा विषय कांगड्यापासून शिकवावा, तिन्ही विभागांच्या आकड्यांसह, आणि 'ब' विभागाच्या नैतिक प्रश्नासह. रुग्णाला औषध लिहून देण्याआधी विद्यार्थ्याला कळावं, की एक लाख वस्तीच्या ताटातलं मीठ बदलून, बारा वर्षं धीर धरून, गळे चाचपून आणि आकडे मांडून या देशाने एक आजार मागे रेटला. आणि त्या ज्ञानाची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना कुणीही विचारलेलं नव्हतं; तसं पुढच्या संशोधनात कधी होऊ नये, एवढं तरी त्याने शिकावं.