बत्तीस मणांचे सिंहासन आणि आपले साक्षीदार

रायगडावरच्या राजसभेत उभे राहिले की वाटाड्या हमखास सांगतो, “येथे बत्तीस मण सोन्याचे सिंहासन होते.” ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. पण घटकाभराने मनात येते, हे सोने तोलले कोणी?

हा आकडा सभासदाच्या बखरीतला. कृष्णाजी अनंत सभासद हा दरबारातला जाणता माणूस. त्याचा शब्द सहजी टाकून देता येत नाही. परंतु त्याने बखर लिहिली ती राज्याभिषेकानंतर सुमारे वीस वर्षांनी, दूर जिंजीस, राजाराम महाराजांसाठी. रायगड १६८९ सालीच मोगलांच्या हाती गेलेला. गमावलेल्या घरातले सोने आठवणीत थोडे जड झाले असेल, तर नवल नाही. शिवाय त्या काळी मणही ठिकठिकाणी निराळा!

दुसरा साक्षीदार इंग्रज. मुंबईचा हेन्री ऑक्झिंडेन आपल्या या चौलच्या वाटेने रायगडास गेला आणि ६ जून १६७४ रोजी दरबारात हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर लावलेली सोनेरी मत्स्यमुखे, अश्वपुच्छे आणि तराजू त्याने टिपून ठेवले. डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींपुरता हा साक्षीदार उत्तम. पण तो आला होता व्यापाराचा तह करायला, आणि तोही दुभाष्यासह. त्याला देखावा विचारावा, धर्मशास्त्र विचारू नये. सोने त्यानेही तोलले नव्हते.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा पानिपतच्या बखरींतल्या चुका अस्सल पत्रांवरून दाखवून दिल्या. म्हणून बखरी जाळायच्या काय? मुळीच नाही. कागद कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणासाठी लिहिला, एवढे विचारावे. आणि मग ज्या प्रश्नाचे उत्तर तो देऊ शकेल, तोच त्याला घालावा. दरबारी माणसांना आपल्या राजाविषयी काय वाटत होते, हे सभासदाइतके ऑक्झिंडेन सांगू शकणार नाही.

मग मुलांना बत्तीस मण सांगावे की नाही? अवश्य सांगावे, पण “सभासद असे लिहितो” एवढे तीन शब्द आधी जोडावे. नाहीतर उद्या एक आकडा डळमळला, की पोर राज्याभिषेकावरही शंका घेईल. आणि तो दोष त्याचा नसेल, आपला असेल.