जर्मेनियमचा महिमा आणि नवशिक्याचा फझ

गिटारचे पेडल स्वतः बनवायला बसलेल्या माणसाला पहिला सल्ला ठरलेला: फझ करायचा तर जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टरच शोध, सिलिकॉनचा आवाज कर्कश. नवशिक्याने हा सल्ला अजिबात ऐकू नये, असे माझे मत आहे.

या समजाला आधार आहे, हे आधी मान्य करतो. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ साली आणलेल्या फझ फेसमध्ये सुरुवातीला एनकेटी२७५ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असत. त्याचा गोलसर, भरदार आवाज कानात बसला तो बसलाच. पण थोड्याच वर्षांत त्याच पेडलमध्ये बीसी१८३, बीसी१०८ हे सिलिकॉन आले आणि जिमी हेंड्रिक्सने दोन्ही प्रकार वाजवले. जर्मेनियमवाले दाखला देतात तोही हेंड्रिक्सचाच.

आता सर्किट पाहा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट; अकरा वस्तूंत खेळ आटोपतो. गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की फझ निवळतो, हे जर्मेनियमचे सर्वांत मोठे कौतुक. पण ते घडते मांडणीमुळे. या सर्किटचा इनपुट इम्पिडन्स इतका कमी, की गिटारचा पिकअप आणि व्हॉल्यूमचा पॉट सर्किटचाच भाग होऊन बसतात. सिलिकॉन लावले तरी मांडणी तीच राहते. फरक पडतो तो मुख्यतः गेनमध्ये. फझला चांगला समजला जाणारा जर्मेनियम ७० ते १२०च्या आसपास असतो, तर बीसी१०९सी ४००च्याही वर जातो. कर्कशपणा येतो तो या जादा गेनमुळे आणि वरच्या स्वरांच्या मोकळ्या वाटेमुळे. कमी गेनचा सिलिकॉन निवडा, बेस-कलेक्टरमध्ये एक छोटा पिकोफॅरडचा कपॅसिटर टाका. धार बरीच उतरते.

जर्मेनियमचा खरा त्रास गळतीचा. तापमान दहा अंश वाढले की गळती साधारण दुप्पट होते. लंडनच्या वीस अंशांत जुळवलेला फझ विदर्भातल्या चाळिशीत नेला, तर ती चौपट होणार. असा ट्रान्झिस्टर मल्टिमीटरला लावून नुसता चिमटीत धरा. बोटांच्या उबेने गेनचा आकडा चढत जाताना दिसतो. त्या आकड्यात गळतीही मिसळलेली असते, म्हणून विक्रेत्याने सांगितलेला गेन खरा धरता येत नाही. माझा पहिला फझ जर्मेनियमच्याच जोडीचा होता. जानेवारीत सुरेख वाजला, मे महिन्यात घुसमटला, आणि महिनाभर मी माझेच डाग पुन्हा पुन्हा वितळवत बसलो. चूक हाताची की मालाची, हे नवशिक्याला कळायला मार्गच नसतो. मला राग आहे तो या सल्ल्याच्या या परिणामाचा. कितीतरी जण पहिल्याच पेडलपाशी सोल्डरिंग गन कायमची ठेवून देतात.

शिवाय जुने जर्मेनियम बहुधा पीएनपी, म्हणजे पॉझिटिव्ह ग्राउंड. इतर पेडलांच्या अडॅप्टरवर असे पेडल जोडले की शॉर्ट.

त्यापेक्षा पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बीसी५४७ हा सिलिकॉन काही रुपयांत मिळतो. दहा घ्या, गेन मोजा, त्यातले कमी गेनचे दोन वेगळे काढा. ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरऐवजी ट्रिमपॉट लावा, मीटरची काडी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर टेकवा आणि साडेचार व्होल्ट येईपर्यंत स्क्रू फिरवा. मग गिटार जोडून खालची ई तार छेडा.